नाटक आणि मालिका, दोन्हीकडे काम करायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाटकांत आणि मालिकांत चरित्र भूमिका करतो आणि अधूनमधून अभिनयाच्या शिबिरांत शिकवतो. शिबिर संपलं की प्रश्न सुरू होतात आणि पुढे कित्येक महिने फोनवर येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. ‘तारीख’ हा शब्द तुम्हाला जागोजागी दिसेल. नटाचा चेहरा, आवाज, नशीब यांवर लोक खूप बोलतात. माझ्या पाहण्यात मात्र जे टिकले ते दिलेली तारीख पाळणारे होते, आणि पाळता येणार नसेल तर वेळेत सांगणारे होते.

१. नट व्हायला अभिनयाचं रीतसर शिक्षण घ्यावंच लागतं का?

सक्ती कुठेच नाही. ऑडिशनला कुणी प्रमाणपत्र मागत नाही. रोहिणी हट्टंगडी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, तर निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. त्याआधी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. दोन्ही वाटा रंगमंचापर्यंत पोहोचल्या.

तरीही संधी असेल तर शिका. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथे खरी मिळकत म्हणजे दोन-तीन वर्षं रोज तालीम करण्याची मोकळीक. बाहेर आल्यावर ती पुन्हा कधी मिळत नाही. सहा आठवड्यांत ‘मालिकेत काम मिळवून देऊ’ म्हणणाऱ्या क्लासबद्दल प्रश्न ४ पाहा.

२. मी तालुक्याच्या गावी राहतो. लगेच मुंबई गाठू का?

नको. आधी आहात तिथे काम करा. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा वेगवेगळ्या केंद्रांवर होते. तुमच्या जवळच्या केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या संघात शिरा. अगदी पडदा ओढायचं काम मिळालं तरी घ्या, कारण दोन महिने तालमी बघायला मिळतील.

विदर्भात असाल तर झाडीपट्टी रंगभूमी दारातच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग चालतात. वडसा हे या धंद्याचं केंद्र. हजारोंच्या गर्दीसमोर, थंडीत, पहाटेपर्यंत आवाज टिकवायचा ही तालीम शहरातल्या कुठल्याही शाळेत मिळत नाही. तिथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईतल्या माझ्या व्यवसायबंधूंनी या रंगभूमीकडे फार उशिरा आदराने पाहिलं याची मला खंत वाटते.

सगळं काम मुंबईतच होतं असंही आता राहिलेलं नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण कोल्हापूर भागात झालं, ‘लागिरं झालं जी’चं साताऱ्याकडे. अशा मालिकांत आसपासच्या हौशी आणि स्पर्धांतल्या नटांना जागा मिळते.

३. एकांकिका स्पर्धांचा पुढे खरंच उपयोग होतो का?

होतो, पण करंडकामुळे नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. मुंबईत २५ जानेवारीची रात्र जागवणारी चतुरंगची सवाई एकांकिका आहे. या स्पर्धा बघायला दिग्दर्शक, लेखक, मालिकांचे निर्मितीप्रमुख येऊन बसतात. आज मला काम देणाऱ्यांपैकी निम्मे लोक विशीत कुठल्या ना कुठल्या स्पर्धेच्या विंगेत भेटलेले आहेत. तेव्हा आमच्यातल्या एकाने प्रकाशयोजना केली, एकाने संगीत वाजवलं, एक पोस्टर चिकटवत फिरला. आज त्यांतला एक मालिका लिहितो. त्याने मला बोलावलं, कारण मी तालमीला वेळेवर यायचो हे त्याच्या लक्षात होतं.

बक्षीस मिळालं नाही म्हणून खचू नका. परीक्षकांचं मत एका सकाळपुरतं असतं.

४. ऑडिशनची बातमी कुठून मिळते? आणि कुणी पैसे मागितले तर?

बातम्या ओळखीतून, कास्टिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आणि निर्मितीसंस्थांच्या अधिकृत खात्यांवरून येतात.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, ‘पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा’, ‘सिंटाचं (कलाकारांच्या संघटनेचं) कार्ड आम्हीच काढून देतो’, ‘वाहिनीला सुरक्षा ठेव भरावी लागते’ यांपैकी काहीही कानावर पडलं की उठून निघा. समन्वयकाचं कमिशन असतं, पण ते काम झाल्यावर, मिळालेल्या मानधनातून. एका शेतकरी बापाने मुलीसाठी अशी ‘ठेव’ भरलेली मी पाहिली आहे. ते पैसे परत आले नाहीत. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी कधीच मऊ बोलत नाही.

रात्री उशिरा, हॉटेलच्या खोलीत, एकटंच या, असं बोलावणं आलं तरी हेच लागू. सेटवरच्या त्रासाबद्दल प्रश्न १५ पाहा.

५. ऑडिशनचा व्हिडिओ घरून पाठवायचा असेल तर काय सांभाळू?

मोबाइल आडवा धरायचा की उभा ते सूचनेत दिलेलं असतं, ते पाळा. भिंत साधी, उजेड समोरून, पंखा बंद. आधी नाव, उंची, राहण्याचं ठिकाण, मोकळ्या तारखा सांगा आणि दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवा. मग प्रसंग. पार्श्वसंगीत घालू नका. समोरच्याची वाक्यं वाचायला असा माणूस घ्या, जो तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलणार नाही.

६. नाटकातला अभिनय ‘मोठा’ आणि मालिकेतला ‘छोटा’ असं म्हणतात. खरं आहे का?

हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या सत्याने पुष्कळ नवे नट गोंधळतात.

नाटकात तुम्हाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं असतं. त्यासाठी ओरडावं लागत नाही. श्वास पोटातून हवा आणि वाक्याचं शेवटचं अक्षर खाली पडता कामा नये. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी त्याला कधीच माफ’ एवढं ऐकू आलं आणि ‘करणार नाही’ हवेत विरलं, तर मागच्या रांगेला उलटाच अर्थ लागतो. हशा आला की थांबायचं, पण तो पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य उचलायचं. हे कुणी शिकवू शकत नाही, प्रेक्षकच शिकवतात, आणि दादरच्या शिवाजी मंदिरचा प्रेक्षक पुण्याच्या बालगंधर्वपेक्षा वेगळ्या जागी हसतो.

मालिकेत कॅमेरा तुमच्याजवळ येतो. आवाज पोहोचवायचं काम कॉलरला लावलेला माइक करतो. अडचण निराळीच असते. आधी मास्टर शॉट होतो, म्हणजे सगळे दिसतील असा अख्खा प्रसंग, मग तोच प्रसंग प्रत्येकाच्या क्लोजसाठी, म्हणजे जवळून चेहरा टिपण्यासाठी, पुन्हा. मास्टरमध्ये ‘आई’ या शब्दाला पेला उचलला असेल तर क्लोजमध्येही त्याच शब्दाला उचलावा लागतो, नाहीतर संकलकाला जोडता येत नाही. रडण्याचा प्रसंग असेल आणि मास्टरमध्येच सगळं रडून झालं तर क्लोजच्या वेळी डोळे कोरडे राहतात. कितीदा तर समोरचा कलाकार दुसऱ्या शूटिंगला निघून गेलेला असतो. त्याची वाक्यं साहाय्यक दिग्दर्शक सपाट आवाजात वाचतो आणि तुम्हाला एका स्टँडकडे बघून जन्मदात्या बापाला क्षमा करायची असते. याला ‘छोटा’ अभिनय म्हणणं मला पटत नाही.

क्रमाचाही फरक आहे. नाटकात भावना पहिल्या अंकापासून चढत जाते. मालिकेत दिवाणखान्यातले चार भागांचे प्रसंग एका फटक्यात घेतात, कारण लाइट तिथे लावलेले असतात. सकाळी भांडण, दुपारी त्याच्या आधीचा साखरपुडा. आपलं पात्र आत्ता कुठपर्यंत आलं आहे हे वहीत टिपून ठेवा. मी आजही ठेवतो.

७. एवढं पाठांतर कसं होतं?

नाटकाचं पाठांतर तालमीत, हालचालीबरोबर होतं. खुर्चीकडे वळलो की वाक्य येतं. म्हणून घरी बसून घोकू नका. हालचाली बसेपर्यंत संहिता हातात ठेवा.

मालिकेत प्रसंग त्याच दिवशी हातात येतो, कधी मेकअपच्या खुर्चीत असताना. पान आधी दोनदा शांतपणे वाचून ‘या माणसाला आत्ता काय हवंय’ एवढं ठरवा, मग शब्द. हे पाठांतर सीन संपताच पुसलं जातं. नाटकातलं मुरतं. वर्षानुवर्षं फक्त मालिका केलेल्या नटाला दोन अंकांची संहिता अवघड जाते, कारण साठवून ठेवायची सवय सुटलेली असते. म्हणून मालिकेच्या काळातही महिन्याला एक कविता किंवा उतारा पाठ करून मोठ्याने म्हणत जा.

८. माझ्या बोलण्यात मालवणी/वऱ्हाडी हेल आहे. काम मिळेल का?

मिळेल. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे आणि मराठवाड्याची बोली हाच त्या प्रयोगाचा प्राण होता. २०१६ची ‘रात्रीस खेळ चाले’ मालवणी बोलीमुळे घराघरांत गेली.

प्रमाण भाषाही शिका, कारण न्यायाधीशाची भूमिका आली तर ती लागेल. घरची बोली मात्र पुसून टाकू नका. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांवरून नव्या मुलांना टोचून बोलणारे लोक आपल्या क्षेत्रात अजून आहेत. उच्चार सहा महिन्यांच्या वाचनाने सुधारतो. टोचून बोलल्याने नट फक्त आखडतो.

९. नाटकात पैसे कसे मिळतात?

प्रयोगागणिक. या रकमेला ‘नाईट’ म्हणतात. तुमची नाईट काय हे नाटक स्वीकारताना ठरतं आणि पाकीट बहुधा त्याच दिवशी व्यवस्थापक देतात. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. तालमींचे पैसे मिळतातच असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा. दौऱ्यावर राहणं, जेवण, प्रवास निर्मात्याकडे असतो. त्याचेही तपशील आधीच बोलून घ्या.

व्यावसायिक नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात. चांगलं चाललेलं नाटकसुद्धा महिन्याचे मोजकेच दिवस काम देतं. पावसाळा, परीक्षा, निवडणुका यांत तेही घटतात. एकट्या नाटकावर घर चालवणारे नट आहेत. २०२२मध्ये १२,५०० प्रयोगांचा टप्पा गाठणारे प्रशांत दामले हे त्यांतलं सर्वांत मोठं उदाहरण. पण ते उदाहरण समोर ठेवून गृहकर्ज काढू नका.

१०. मालिकेचे पैसे लगेच हातात येतात का?

नाही. मानधन सहसा दिवसावर ठरतं. मुख्य भूमिकांना महिन्याला किमान इतके दिवस अशी हमी असू शकते. महिन्याचं बिल लावायचं आणि त्यानंतर साधारण ९० दिवसांनी रक्कम येते, ही रूढ पद्धत आहे. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलं तर पहिले पैसे सप्टेंबरअखेर. तोवरचं भाडं, प्रवास, जेवण तुमच्या खिशातून. मालिका मिळाल्याचे पेढे वाटून त्याच महिन्यात उसने पैसे मागावे लागलेले नट मी पाहिलेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं.

मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर कपात त्याहून बरीच जास्त होते. एका आर्थिक वर्षात सेवेची एकूण रक्कम २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सीए पहिल्या वर्षीच गाठा.

११. मालिका चालू असताना नाटक करता येतं का?

येतं, आणि माझ्या मते करावंच. पण सगळ्यात जास्त कटुता याच जागी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

मालिकेची पाळी १२ तासांची असते. सेट गोरेगावच्या फिल्मसिटीत, घोडबंदर रस्त्याला, मढला, कुठेही असतो. वाहिनीला रोज भाग द्यायचा असतो आणि हातात चित्रीकरण झालेल्या चार-सहा भागांची ‘बँक’, म्हणजे शिल्लक, असेल तरच निर्मिती निवांत असते. बँक आटली की तुमचा ठरलेला रविवारही जातो. उलट बाजूला नाट्यगृहाच्या तारखा कित्येक आठवडे आधी मिळालेल्या असतात, जाहिरात गेलेली असते, तिकिटं विकलेली असतात. पुण्याचा दुपारी साडेबाराचा प्रयोग नटासाठी पुढे सरकत नाही.

म्हणून नाटकाच्या तारखा मालिकेच्या करारात लिहून घ्या. ‘ॲडजस्ट करू’ या तोंडी शब्दावर विसंबू नका. तो शब्द देणारा माणूस तीन महिन्यांनी दुसऱ्या मालिकेवर गेलेला असतो. पुढच्या दोन महिन्यांचे प्रयोग सेटवरच्या शेड्यूल बघणाऱ्याला लेखी पाठवा आणि आठवडाभर आधी पुन्हा आठवण करा. नाटकाच्या व्यवस्थापकालाही तुमची मालिका चालू आहे हे पहिल्या दिवशी सांगा. दोघांना अंधारात ठेवून दोन्हीकडे ‘हो’ म्हणणारा नट एक हंगाम निभावतो. मग एके दिवशी ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये तिसरी घंटा व्हायची वेळ येते आणि तो घोडबंदरच्या कोंडीत असतो.

मी स्वतः एकदा असा अडकलो. प्रयोग ४० मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रेक्षक शांत बसून होते. सहकारी काही बोलले नाहीत, पण पुढच्या नाटकाला त्या निर्मात्याने मला विचारलं नाही. योग्य केलं त्याने.

१२. करार वाचताना नेमकं काय पाहू?

चार गोष्टी. किती काळ दुसऱ्या वाहिनीवर काम करता येणार नाही. तुम्ही मालिका सोडायची तर किती दिवसांची सूचना द्यायची, आणि त्यांनी थांबवायची तर किती. प्रोमो, सण-समारंभ, पुरस्कार सोहळे यांचे दिवस मानधनात धरलेत की फुकट. नाटकाची सवलत (प्रश्न ११). करार मराठीत नसेल तर कुणाकडून तरी समजून घ्या. सही करायला एक दिवस मागणं हा उद्धटपणा नाही.

टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात आणि कथानक त्यावर वळतं. तुमचा ‘ट्रॅक’, म्हणजे कथेतला तुमच्या पात्राचा धागा, अचानक थांबला तर तो तुमच्या अभिनयावरचा निकाल असेलच असं नाही.

१३. दुसऱ्या नटाच्या जागी रिप्लेसमेंट म्हणून विचारलंय. कमीपणा आहे का?

अजिबात नाही. अनेकांना पहिलं मोठं काम असंच मिळतं. पहिले काही प्रयोग आधीच्या नटाच्या हालचाली जशाच्या तशा करा. प्रकाश तिथे पडतो, सहकाऱ्यांची वाक्यं तिथे ठरलेली असतात. आठ-दहा प्रयोगांनी, दिग्दर्शकाशी बोलून, आपलं काही आणा. आधीच्या नटाला फोन करून भूमिकेबद्दल विचारा. बहुतेकजण मनापासून सांगतात.

१४. माझं वय ४० आहे, नोकरी आहे. आता सुरुवात करणं वेडेपणा आहे का?

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पूर्णवेळ नाटक करायचं त्यांनी १९६९मध्ये ठरवलं, तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. मात्र त्याआधी कित्येक वर्षं ते व्यवसाय सांभाळून नाटक करत होते, हा भाग सांगताना सगळे गाळतात. नोकरी ठेवून संध्याकाळच्या तालमी करा. काकू, मामा, वकील, मुख्याध्यापक अशा भूमिका मालिकांना सतत लागतात आणि त्या वयाचे, वेळ पाळणारे नवे चेहरे कमी असतात. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला आणि रजा पुरेनाशा झाल्या, की राजीनाम्याचा विचार करा.

१५. सेटवर किंवा दौऱ्यावर कुणी त्रास दिला तर?

सेट हेही कामाचं ठिकाण आहे आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तिथे लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटना त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेवा, संदेश पुसू नका. ‘काम जाईल’ ही भीती खरी असते, मी ती खोटी म्हणणार नाही. पण जिथे मेकअपदादा, हेअरदीदी, स्पॉटदादा सगळे जाणतात आणि गप्प बसतात, तिथे ज्येष्ठ नटांनी पहिलं बोललं पाहिजे. ही आमची जबाबदारी आहे, नव्या मुलीची नव्हे.

१६. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मालिकेत विचारलंय. नियम काय आहेत?

बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. सलग २७ दिवसांहून जास्त काम चालत नाही आणि शाळा बुडणार नाही याची सोय करावी लागते. मिळकतीतले किमान २० टक्के मुलीच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवणं सक्तीचं आहे. तिच्या मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही, आणि हा नियम आईवडिलांनीही वाचावा. प्रसंगात मारझोड किंवा मृत्यू असेल तर तो काय आहे हे तिला आधी घरी सांगा. लहान मुलं खोटं रडणं आणि खरं रडणं आपल्याइतकं वेगळं ठेवू शकत नाहीत.

१७. प्रयोगाच्या दिवशी आजारी पडलो तर? बदली नट असतो का?

आपल्याकडे बहुतेक नाटकांत नसतो. सकाळी अंगात ताप वाटला तर सकाळीच व्यवस्थापकाला सांगा. प्रयोग रद्द करायचा तर तिकिटांचे पैसे परत द्यायला, बाहेर फलक लावायला वेळ लागतो. मी एकदा ताप लपवून उभा राहिलो आणि दुसऱ्या अंकात आवाज गेला. सहकलाकाराने माझी वाक्यं स्वतःच्या वाक्यांत मिसळून घेतली म्हणून प्रयोग पार पडला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्या तिच्या होत्या.

घरात मृत्यू झालेला असताना उभ्या राहिलेल्या नटांच्या गोष्टी आपण भक्तिभावाने सांगतो. ज्यांनी तसं केलं त्यांच्यापुढे मी नमतो. पण निर्मात्याने ती अपेक्षा धरू नये, आणि नव्या नटाने ‘येऊ शकत नाही’ म्हणायला घाबरू नये. फोन मात्र स्वतः करा, किंवा घरातल्या कुणाला तरी करायला सांगा. तिथे बॅकस्टेजचे लोक सेट लावायला सुरुवात करण्याआधी तो पोहोचायला हवा.